पळसाच्या पानांचा जोतीराम

३ जानेवारी १९५७, पिंपळी

आज सकाळी तात्या वांग्याच्या वाफ्यावर आले. आबा, म्हणजे माझे वडील, दारं धरत होते. तात्या म्हणजे माझे चुलते मोहनराव. बांधावर उभे राहून ते म्हणाले, "आबा, बारा वर्सं सरली. पळसाची पानं झडायच्या आत जोत्याचा पुतळा जाळून घ्या. घरात न जळालेलं मडं किती दिवस ठेवायचं?"

आमच्याकडे रीत आहे. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. नाहीच आला तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. मग त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या.

आबा पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत राहिले. मीच बोलले. म्हटलं, "तात्या, माझा जोतीदादा लढाईत बेपत्ता आहे असं सरकारनं कळवलंय. मेला असं कुणीही कळवलेलं नाही."

"मास्तरीण झालीस म्हून आता यमाचा बी पेपर तपासती व्हय?" तात्या म्हणाले. गडीमाणसं हसली.

 तरी मी सांगितलं, की पुरावा मिळेपर्यंत मी वहिनीच्या बांगड्यांना कुणाला हात लावू देणार नाही.  बोलले ते बोलले.

५ जानेवारी

काल झोप नाही. तात्यांना उलट बोलले ते चुकलं का, याचा विचार करत होते. उलट बोलणं चूकच, पण बोललेलं खोटं नव्हतं.

दादा त्रेचाळीस साली आरमारात गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. वहिनीचं लग्न होऊन चार-पाच महिने झाले असतील, ती तेव्हा तेरा-चौदाची. जाताना दादा आबांना म्हणाला होता, "मी येस्तवर सारजीची शाळा मोडायची न्हाय, आन् लगीन बी करायचं न्हाय." आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. पुढे तात्यांनी माझ्यासाठी स्थळं आणली, तेव्हा दर वेळी वहिनी आतल्या दारातून एवढंच म्हणायची, "त्यांनी सांगितलंय, ते आल्यावर बघू." गैरहजर माणसाचा शब्द मोडायला आबा धजले नाहीत. वहिनीची दादावर अशी निष्ठा आहे. तिच्यासाठी मी एवढं करू नये का?

आज ती भाजीची गाडी घेऊन बारामतीच्या बाजारात गेली होती. परतायला दिवस मावळला. साखरबाई बाजारात तिच्या शेजारी बसते, ती तर म्हणाली माल दुपारीच संपला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "बैल दमले व्हते." मग मला म्हणाली, "वन्सं, तुमची नोकरी आता पक्कीच ना? आता कोन काडू शकत न्हाय ना तुमाला?" नाही, डिसेंबरातच पक्की झाली, असं मी सांगितलं. तिचं माझ्यावर किती लक्ष!

१४ जानेवारी, संक्रांत

फुलाकाकीनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, आज हळदीकुंकवाला सगळ्यांना वाण दिलं आणि वहिनीपुढून ताट तसंच पुढे नेलं. बायका खाली बघत राहिल्या. मी माझं वाण उचलून वहिनीच्या ओटीत टाकलं. लग्न न झालेल्या मुलीनं असं करू नये, असं कुणीतरी पुटपुटलं. करू नये तर करू नये.

घरी आल्यावर वहिनी रडली. नाही, हे बरोबर नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, एवढंच मी पाहिलं. आणि नंतर ती चक्क हसली. "काकींनी बरं केलं," म्हणाली. "मला बी त्ये घेववत न्हवतं." मानी आहे फार.

१७ जानेवारी

मला एक माणूस आठवला. दादाबरोबर कळसचा कुंडलिक म्हणून एक जण गेला होता, दोघं एकाच बोटीवर होते. तो शेहेचाळीस साली परत आला आणि एकदा आमच्याकडे आला होता. डाव्या हाताला फडकं बांधलेलं. अंगणात उभा राहून तो काही बोलणार, तेवढ्यात आई दारात आडवी आली. "चांगलं सांगनार आसशील तर आत यी. अभद्र बोलायचं आसंल तर उंबरा वलांडू नगंस." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही. त्यानंतर त्याचं नाव घरात निघालं नाही.

म्हणजे तिथं होता असा माणूस पंधरा कोसांवर आहे आणि आम्ही त्याला कधी विचारलंच नाही! त्यानं देह पाहिला नसेल, तर तसं त्यानं भावकीपुढे सांगावं. मग तात्या काय म्हणतील बघू.

वहिनीला सांगितलं. ती चुलीतली लाकडं उगीच पुढेमागे करत राहिली. "कशाला जाता इतक्या लांब," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यासाठी जाते.

२० जानेवारी, रविवार

आज एस. टी.नं कळसला जाऊन आले. एकटीनं इतका प्रवास पहिल्यांदाच. तिकीट हरवेल म्हणून ते मुठीत धरून बसले, तर घामानं त्याचा लगदा झाला.

कुंडलिकची पेरूची बाग आहे, चांगली पाण्याखालची. माणूस चाळिशीच्या आतला, बोलायला हळू. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. लग्न केलेलं नाही, नकोशी नावाची बहीण घर बघते. ती मला पाहून म्हणाली, "अगं बया, मास्तरीनबाईच आल्या का ठरवाया! आमाला वाटलं म्हातारं मानूस कोनतरी यील." कुंडलिकनं तिच्याकडे असं पाहिलं, की ती पदर तोंडाला लावून आत पळाली. काय ठरवायचं ते मला कळलं नाही. घर नव्यानं सारवलेलं होतं, भिंतींना चुना दिलेला. एकट्या माणसाच्या मानानं फारच नीटनेटकं.

मी येण्याचं कारण सांगितलं. तो मग म्हणाला, "वैनीबाईंला इचारलंत का?"

"त्यांच्यासाठीच तर आलेय."

"तसं न्हवं. त्यांला इचारलंत का, मी यावं का म्हून?"

मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला येण्याची भीती वाटते का?" तो हसला. "भ्या न्हाय. पर म्या एकदा तुमच्या दारात न इचारता आलो व्हतो."

शेवटी पुढच्या रविवारी येतो म्हणाला. निघताना त्यानं पेरूंची पाटी दिली आणि पुन्हा वहिनीची चौकशी केली. तब्येत कशी, बाजाराला गाडी कोण हाकतं. आरमारात शिस्तीबरोबर विचारपूसही शिकवत असावेत.

पेरू वहिनीला दिले. तिनं एक उचलून नुसताच वास घेतला.

२७ जानेवारी, रविवार

सगळं लिहायचं ठरवलंय. घडलं तसंच.

दुपारी भावकी ओसरीवर बसली. आबा, तात्या, आणखी पाचसहा जण. आई जात्याशी. वहिनी आतल्या दारात. कुंडलिक अंगणातच थांबला. आबा म्हणाले, "ये वर." तो आईकडे बघत राहिला. आई म्हणाली, "यी." तेव्हा तो उंबरा ओलांडून आत आला.

मी विचारलं, "माझ्या भावाचा देह तुम्ही पाहिला का?"

"न्हाय पाह्यला."

मी तात्यांकडे वळून पाहिलं. तेवढाच एक क्षण मला जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"पर कसा गेला ते पाह्यलं," कुंडलिक म्हणाला. "सांगू का, माय?"

आईनं मान डोलावली.

तो सांगत गेला ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"ब्रह्मदेशाचा किनारा. म्येबॉन म्हून गाव. संक्रांत दोन दिसांवर आली व्हती. जपानी वर टेकडीवर बसल्येले. आमच्या बोटी म्हंजी चपट्या, पुढचं आख्खं तोंडच दार. साखळी सोडली की दार पान्यात आपटतं आन् फौज पळत सुटती. साखळी सोडायचं काम जोतीचं. बोटीत कोन न्हवतं? पुढं गोरं कमांडो, हिरव्या टोप्यांचं. मागनं पंजाबी, गुरखं. एक गोरा रेडिओवाला, त्याची विंग्रजी आमच्या विंग्रज सायबाला सुदीक कळायची न्हाय. बोटी हाकनारं कोकनातलं, मद्रासी, बंगाली. आन् आमी दोगं देशावरचं, ज्यांनी समुद्र पयल्यांदा मुंबईत बघितला. बंगाली म्हनायचा, तुमाला पवता तरी येतं का रं? जोती म्हनायचा, आमी गुळाच्या काहिलीत बसून भीमा वलांडतो, तुझ्या बोटीचं काय सांगतो!"

आबा हसले. दादाचा मामा भीमेकाठचा, पुरात काहिलीतून माणसं उतरवणारा. बारा वर्षांत दादाचं नाव निघून आबा हसलेले मी पाहिले नव्हते.

"विमानांनी धूर सोडला. पयली खेप बरी उतरली. मग व्हटी लागली. पानी गेलं आन् गाळ राह्यला. मांडीएवढा. पाठीवर वझं, एक पाय काडावा तर दुसरा आत. मानसं रोवल्यासारखी हुबी, आन् वरनं गोळ्या. जोती म्हनला, कुंडल्या, ह्यो तर मामाच्या गावचा गाळ! पूर वसरल्यावर आमी कडब्याच्या पेंढ्या टाकून जातो. मग त्यानं बोटीतलं हाताला लागंल ते फेकाया घेतलं. ताडपत्र्या, जाळ्या, फळ्या, पट्ट्यांची जाकिटं. त्याच्यावरनं मानसं निगाली. पंजाबी निगालं. एक सुभेदार जाताना जोतीच्या डोक्याव हात ठिवून गेला.

"एक गोरा पोरगा ऱ्हायला. कंबरेपातुर आत. रडत न्हवता, शिव्या देत व्हता, कुनाला त्ये म्हाईत न्हाय. टाकाया काय उरलं न्हवतं. आमाला हुकूम, बोट सोडायची न्हाय. जोती गेला. सोता आडवा पडला गाळावर, छातीवर, पेंढीवानी. म्हनला, चढ. त्या पोराला काय कळलं देव जानं, पर चढला. जोतीच्या पाठीवरनं बोटीपातुर आला. म्या त्याला वर वढला. आन् वळून बघतो तर गोळा पडला. गाळात गोळा पडला की लई आवाज बी हुत न्हाय. धप्प. उडाल्याला गाळ खाली बसला तवा तितं सपाट व्हतं."

 मग आईनं विचारलं, "सकाळी काय खाल्लं व्हतं त्यानं?"

"च्या आन् बिस्किटं. माजी बी त्यानंच खाल्ली."

आई म्हणाली, "मग त्या दिशी का न्हाय सांगितलंस रं?"

"तुमी उंबरा वलांडू दिला न्हाय, माय."

तात्या खाकरले. "झालं तर मग. आमुश्येनंतर पुतळा."

मी म्हटलं, "पण देह मिळालेला नाही. तात्यांना घाई आहे म्हणून..."

तेव्हा वहिनी बाहेर आली. सगळ्या पुरुषांपुढे. "तात्यांची घाई न्हाय, वन्सं," ती म्हणाली. "म्याच निरोप दिला व्हता त्यांला. पानं म्याच आनाया सांगितली."

२८ जानेवारी

वहिनीशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वांगी तोडताना राहवलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"चार वर्सं झाली. बारामतीच्या बाजारात पेरू घिऊन आलं व्हतं ते. म्या म्हनलं, मला सांगा. मी अभद्राला भीत न्हाय."

"मग मला का बोलू दिलंस? मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले."

"भांडलात, वन्सं. पर मला कवा इचारलंत?"

 कुंडलिकनंही मला हेच विचारलं होतं. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला.

"मग चार वर्षं कुंकू कशाला लावलंस?"

"तुमची ट्रेनिंगची परीक्षा ऱ्हायली व्हती. मग नोकरी पक्की व्हायची व्हती."

परीक्षेचा आणि कुंकवाचा काय संबंध, असं मी विचारलं. ती म्हणाली, "किडकी वांगी बाजूला काडा, ती पाटीत जात्यात तुमच्या हातनं."

२ फेब्रुवारी

आज पुतळा जाळला. पानं पसरून आबांनी हातपाय केले. नारळ ठेवला तेव्हा आईनं त्याच्यावरून हात फिरवला. अग्नी तात्यांनी दिला. ओली पानं, आधी नुसता धूर झाला.

पुरुष ओढ्यावरून परत आले. फुलाकाकी अंगणात पाटा ठेवून, हातात वरवंटा घेऊन बसली होती. "ये, द्वारके. हात दे," ती वहिनीला म्हणाली.

वहिनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाय."

"न्हाय म्हंजी? नवरा जाळला ना आत्ता?"

"पानं जाळली. नवरा बारा वर्सांमागं गाळात गेला. काकी, बारा वर्सं मी कुकू लावून रंडकी व्हते. आता कुकू पुसून काय नवं हुनार हाय? माज्या दुक्काला तुमी आला न्हाईत, आता बांगड्या फोडाया येता?"

मी वहिनीच्या पुढे जाऊन उभी राहिले, असं लिहिणार होते. ते खरं नाही. आधी मी दाराआडच होते. तात्या पुढे आले आणि म्हणाले, "धरा गं तिला," तेव्हा बाहेर आले.  मी वाकून पाट्यावर बसले. वरवंटा मारायचा तर कशावर मारणार?

"उठ, सारजे," तात्या म्हणाले. "तुझ्या शाळंत एक पोर ऱ्हाऊ देनार न्हाय मी."

मी उठले नाही. आबा आले, माझ्याकडे पाहिलं, फुलाकाकीच्या हातातून वरवंटा घेतला आणि आत जागेवर ठेवला. मग हातपाय धुवायला गेले. 

आई भिंतीकडे तोंड करून निजली. ती आमच्या बाजूची आहे की त्यांच्या, मला ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी

वर्गात निम्मी मुलं नव्हती. उरलेल्यांना जगाच्या नकाशावर दादा गेला तो किनारा दाखवायचा होता, पण म्येबॉनचं नाव कुठंच नाही. अंदाजानं खडूचं टिंब काढलं आणि अंदाज आहे असंही सांगितलं. कोण कुठून आलं होतं त्या रेघा ओढल्या. विलायत, पंजाब, नेपाळ, बंगाल, मद्रास. एक मुलगी म्हणाली, "बाई, पिंपळीची पन वढा." ओढली.

संध्याकाळी तात्या आले. माझ्यासाठी स्थळ घेऊन. "आता कुनाची वाट बघायची न्हाय," म्हणाले.

मी सांगितलं, माझ्या लग्नाचं मी बघेन. पगार माझा आहे, नोकरी पक्की आहे, आणि मुलं आली नाहीत तर मी घरोघर जाऊन आणीन. नोकरी नसती तर एवढं बोलू शकले असते का, कोण जाणे. वहिनी आतल्या दारात उभी होती. तिला इतकं मनापासून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. एवढं हसण्यासारखं मी काय बोलले?

१८ फेब्रुवारी

वहिनीनं मला सांगितलं. ती कुंडलिकशी पाट लावणार आहे, म्हणजे दुसरं लग्न.

मी मूर्खासारखी विचारत राहिले, "कुठला कुंडलिक?" साखरबाईला माहीत होतं, नकोशीला माहीत होतं, बहुतेक बैलांनाही माहीत असावं. फक्त मला नव्हतं.

रात्रभर मला दादा दिसत राहिला. मग वाटलं, वहिनीनं त्याला पाहिलं ते जेमतेम चार-पाच महिने, तेही डोक्यावर पदर घेऊन. तिला त्याचा चेहरा तरी आठवतो का? सकाळी विचारलं. "पाठ आठवती," ती म्हणाली. "मोट हाकताना."

१० मार्च, रविवार

पाट आमच्यात लागतो, पण अंधारात लागतो. गावाबाहेर, दिवस मावळल्यावर, आणि उजाडेपर्यंत दोघांचं तोंड कुणी पाहायचं नाही. भावकीनं त्याला होकार दिला होता. वहिनी म्हणाली, "अंधारात लावाया म्या काय चोरी केलीय? दिसा लावा, न्हायतर मी आपली आपन चालत कळसला जाती."

म्हणून आज भर दुपारी, मारुतीच्या पारासमोर. बायका येणार नव्हत्याच. पुरुष लांब उभे. तात्या आले, पण पाठ करून. आबा पाराच्या कट्ट्यावर बसले. आई घरात राहिली, आतून कडी लावून. निघताना मी दाराशी थांबले तर आतून म्हणाली, "कुंडलिकला म्हनावं, ह्या बारीला आपली बिस्किटं सोताच खा." मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी तिथंच बसले.

कुंडलिकच्या उपरण्याची आणि वहिनीच्या पदराची गाठ कुणीतरी बांधायची असते. बांधायला आमच्या बाजूची बाई नाही. भटजींनी इकडेतिकडे पाहिलं. नकोशी पुढे होणार होती, पण वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मेलेल्या नवऱ्याच्या बहिणीनं, त्यातून कुवारणीनं, ही गाठ बांधावी असं कुठल्या शास्त्रात आहे? मी पुढे गेले. वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिला विचारलं, "वहिनी, मी बांधू ना?"

"आता इचारता व्हय," ती म्हणाली. "बांधा."

 गाठ बसली, पण सैल वाटली. लांबून तात्या म्हणाले, "उरका की आता."

"नीट झाल्याशिवाय उरकणार नाही," मी म्हटलं. मोठ्यानं. सगळे बघत असताना गाठ सोडली, आणि पुन्हा बांधली. घट्ट.